पानदानातली मोहर

“घे, वाच बरं,” बी म्हणाली आणि तिनं मोहर माझ्या तळहातावर ठेवली. “आमच्या साहेबांचा शागीर्द म्हणून गल्लीभर मिरवतोस. बघू तरी काय शिकलास ते.”

दुपारचे चार वाजले असतील. जालन्याच्या मणियार गल्लीत, बीच्या अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकलेली होती. बाजेवर बी, खाली पोत्यावर गोदाबाई परटीण आणि बांगडीवाल्यांची शहनाज, आणि समोर रिकामा तांब्या घेऊन मी. आईनं मला पाणी आणायला धाडलं होतं.

पाणी म्हणजे बीचं पाणी. माझी थोरली बहीण, अक्का, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे या खेपेला आमच्या घरात सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला होता. आमच्या गल्लीत बाळंतपण म्हटलं की डॉक्टरीणबाईंच्या आधी बीचं नाव निघायचं. बी तांब्याच्या कटोऱ्यात पाणी घ्यायची. पानदानाच्या खालच्या कप्प्यातून हिरव्या कापडाची पुरचुंडी काढायची, तिच्यातली सोन्याची मोहर पाण्यात सोडायची, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची आणि ते पाणी बाळंतिणीला द्यायची. मोहरेवर कलमा आहे, अल्लाचं नाव आहे, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगायचं. मोमिनांच्या सुना ते पाणी प्यायच्या, तशा परटांच्या, सोनारांच्या, आमच्याही घरच्या प्यायच्या. माझ्या वेळेला आई प्याली होती.

बीला स्वतःला अक्षरओळख नव्हती. नमाजाच्या आयती तिनं लहानपणी कानानं पाठ केल्या होत्या, तेवढंच. अंबडकडच्या खेड्यातली ती. मराठी माझ्यापेक्षा अस्सल बोलायची. नवरा मात्र गाढा विद्वान. वाजिद मास्तर निजामाच्या राज्यात हायस्कुलात फारशी शिकवायचे. राज्य गेलं, त्याच्यामागं फारशी गेली, मास्तर मागे राहिले. कोर्टात जुने कागद वाचून देऊन दिवस काढत होते.

आणि बंकटलाल शेठची नाणी वाचत होते. कापसाच्या जिनिंगवर गब्बर झालेल्या या शेठला सोन्याच्या नाण्यांचा नाद होता. बगदादच्या खलिफांचे पातळ दिनार, तुघलकांचे आणि बहामनींचे जाडजूड टंके, कुणा हाजीनं मक्केहून बांधून आणलेली तुर्कांची सुलतानी नाणी, मोगलांच्या मोहरा, सगळं त्याच्या तिजोरीत लाल मखमलीवर मांडलेलं. वाचता मात्र एकही येत नव्हतं. मास्तर वाचायचे आणि मी चिठ्ठ्या लिहायचो. मी बावीस वर्षांचा होतो, नुकताच बी. ए. होऊन शाळेत लागलो होतो, आणि आडनाव टाकसाळे. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “घराणं टाकसाळीचं आणि नाणं वाचता येत नाही? लाज आणलीत की वाडवडलांना.” मास्तर उर्दूत बोलायचे, मी ते इथं मराठीत लिहितोय.

त्यांची शिकवायची रीत ठरलेली. नाणं उन्हात धरायचं नाही, सावलीत तिरकं धरायचं, म्हणजे अक्षरांच्या कडा उठून दिसतात. मग सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद वर ठेवून बोटानं हलकेच दाबायचा, ठसा घ्यायचा. मोगलांच्या मोहरांवर अक्षरं एकावर एक रचलेली असतात, तेव्हा कितीदा तरी ओळ खालून वर वाचावी लागते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टाकसाळीत नाणं पाडायचा ठसा नाण्यापेक्षा मोठा असतो. घण पडतो तेव्हा कडेची अक्षरं हमखास बाहेर जातात. नवशिका माणूस गेलेली अक्षरं मनानं भरतो. मास्तरांना याची भयंकर चीड.

एकदा शेठच्या गादीवर तुघलकाचा एक टंका आला. कडेची ओळ मी भिंगातून बघितली आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “दौलताबाद!” शेठची कळी खुलली. दौलताबादचा टंका म्हणजे त्याच्या मित्रमंडळींत मिशीला पीळ देण्यासारखी गोष्ट.

मास्तरांनी भिंग घेतलं. “कुठंय दौलताबाद?”

“शेवटची दोन अक्षरं आहेत ना. बाद. त्या सालात दुसरं काय असणार?”

“काय असणार ते मी विचारलं नाही. काय आहे ते विचारलं. लिही, टाकसाळीचं नाव कापलं गेलंय.”

शेठचं तोंड उतरलं. “मास्तरजी, लिहिलं तर बिघडतं काय? कोण वाचणाराय?”

“मी वाचणारा आहे,” मास्तर म्हणाले. परत येताना वाटेत मला म्हणाले, “टाकसाळे, नाण्यावर जे दिसतं तेच वाचायचं. जे असायला हवं ते वाचायचं नाही. एकदा ही सवय मोडली की मग तुमच्या डोळ्यांवर कुणी भरोसा ठेवायचा?” मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

तर अशी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली स्वारी त्या दुपारी बीच्या पुढे उभी होती. मास्तर शेठबरोबर औरंगाबादला गेलेले. आजवर मी बीची मोहर कैकदा मागितली होती. मास्तर दर वेळी हसून म्हणायचे, “ती नाण्यांत मोजायची नाही. ती बीची आहे.” आणि आज बी आपणहून हातावर ठेवत होती.

“यांनी कधी पुरतं वाचून दाखवलंच नाही बघ,” बी गोदाबाईला सांगत होती. “कलमा हाय म्हनले, बास. पन कुठं, कसा, काय बी नाही. आता ह्यो आपला घरचाच पोरगा हाय. ह्याच्या तोंडून ऐकते. अक्काच्या वेळंला मन लावून म्हनता येईल.”

मी लिंबाच्या सावलीत मोहर तिरकी धरली. काय सुंदर नाणं होतं! तीस वर्षं पाण्यात बुडून आणि पदरानं पुसून कडा गुळगुळीत झालेल्या, पण मधली अक्षरं ठसठशीत. मी खालून वर वाचत गेलो आणि एकेक शब्द सुटत गेला तसा माझा आवाज चढत गेला.

“सिक्का जद दर जहाँ चू मिहर-ए-मुनीर, शाह औरंगजेब आलमगीर!”

बी डोळे मिटून ऐकत होती. तिनं ओठ हलवून माझ्यामागून म्हणायचा प्रयत्नही केला. गोदाबाईला मात्र त्या ओळीतला एक शब्द बरोबर कळला.

“कोन म्हनला?” ती म्हणाली.

“औरंगजेब. बादशहा सांगतोय, तळपत्या सूर्यासारखं नाणं मी जगात पाडलं.” मी मोहर उलटली. “आणि इकडे टाकसाळ. खुजिस्ता बुनियाद. म्हणजे आपलं औरंगाबादच. अस्सल चीज आहे, बी!”

“आन् कलमा?” बीनं विचारलं.

मी दोन्ही बाजू पुन्हा बघितल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. आता सावलीत नीट दिसत नाही, मास्तर आले की विचारतो, असं म्हटलं असतं तरी कुणी मला फासावर देणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या आईचं आवडतं वाक्य. पण मला सगळंच सांगायचं होतं.

“कलमा नाही यावर. असणारच नाही. त्याआधीच्या बादशहांच्या मोहरांवर असायचा, पण यानं बंद केला. नाणं कुणाच्याही हातात पडतं, पायदळी जातं, पवित्र शब्दांचा मान राहत नाही, म्हणून. आलमगीरच्या नाण्यावर कलमा शोधायचा म्हणजे बैलाचं दूध काढण्यासारखं आहे!”

आणि मी हसलो. मी हसलो नसतो तर किती बरं झालं असतं, असं मला आज साठ वर्षांनंतरही वाटतं.

“नीट बघ रं,” बी म्हणाली.

“नीटच बघितलं, बी.”

तिनं हात पुढे केला. मी मोहर दिली. तिनं ती पदरानं पुसली, हिरव्या कापडात बांधली, पानदानाच्या तळाशी ठेवली. सगळं रोजच्यासारखंच, फक्त फार हळू.

गोदाबाई उठून उभी राहिली होती. “त्या मुडद्याचं पानी पाजलं व्हय गं आमाला?” ती बीला म्हणाली. रागानं नाही, अवाक होऊन. तिची चारही लेकरं त्या पाण्यावर झाली होती.

“मला ठावं नव्हतं, गोदा,” बी म्हणाली.

मी तांब्या पुढे केला. “आज राहू दे,” ती म्हणाली, “आज राहू दे, मुकुंदा.”

ती मोहर आज माझ्याकडे आहे. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या पुतण्यानं हिरव्या कापडासकट आणून दिली. माझ्या संग्रहात आता दीडशेच्या वर सोन्याची नाणी आहेत आणि प्रत्येकाखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे: राजा, टाकसाळ, साल, मजकूर. या एका मोहरेखालची चिठ्ठी कोरी आहे. बघायला येणारे जाणकार चटकन वाचतात आणि मला सांगतात, “अहो, ही तर सोपी आहे.” मी हो म्हणतो.

गोदाबाईच्या पोटात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बातमी गेली. हिंदूंच्या घरांना ते नाव नको होतं आणि मुसलमानांच्या घरांना कलमा हवा होता. कुणी बीला वाईट बोललं नाही. लोक फक्त यायचे थांबले.

मास्तर दुसऱ्या दिवशी परतले. मी धडे घ्यायला गेलो तर ते ओसरीवर भिंतीकडे बघत बसले होते. समोर चहा निवून गेलेला.

“तू वाचलंस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“दोन्ही बाजू?”

“हो, मास्तर.”

“एकही अक्षर चुकलं नाही?”

“नाही.”

“शाबास,” ते म्हणाले. माझ्या सगळ्या शिक्षणात त्यांनी मला पहिल्यांदाच शाबास म्हटलं. “आज डोळे दुखतायत. नंतर बघू.” ते नंतर काही आलं नाही. त्या दिवसानंतर मास्तरांनी मला एकही नाणं वाचायला दिलं नाही.

चार दिवसांनी अक्काला कळा सुरू झाल्या. ती बीला हाक मारत होती. बी नेहमी उशाशी बसायची, बाळंतिणीचं डोकं मांडीवर घेऊन रात्र रात्र काढायची. आईनं मला पळवलं. “जा, म्हणावं, नाव कुणाचं का असेना, तू ये.”

बी दारातच बसली होती. “कशी येऊ?” ती म्हणाली. “तिला म्हनू का, की ह्याच्यात अल्लाचं नाव हाय? खोटं पानी कसं पाजू लेकराला?”

“पाणी नको मग. नुसत्या या.”

“नुसती मी येऊन काय करू रं?” तिनं विचारलं. ते तिनं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

अक्का सुटली. मुलगी झाली, गुटगुटीत, पहाटे रडून सगळी आळी उठवणारी. घरात दिवाळी. आईनं मला साखर देऊन घरोघर पाठवलं आणि मी सगळ्यात आधी बीकडे धावलो. मला वाटत होतं, तिचं मन हलकं करावं. काय म्हणावं या शहाणपणाला!

“बघा बी,” मी साखर तिच्या हातावर ठेवत म्हणालो, “पाण्यावाचून काही अडलं नाही. सगळं सुखरूप झालं.”

“नाही ना अडलं?” तिचा चेहरा खरंच उजळला. अक्कासाठी उजळला. मग तिनं साखर मुठीत धरली आणि बाजेवर बसली. “मंग इतकी वर्सं मी काय करत होते रं, मुकुंदा?”

मी म्हणालो, “मला अजून दहा घरं करायचीत,” आणि निघालो.

दसरा गेला, दिवाळी गेली. अक्का बाळाला घेऊन परभणीला सासरी गेली. बी बाळ बघायला एकदाही आली नाही. ती अंगणात बसेनाशी झाली. पानदान बंद पडलं. मग ती जेवेनाशी झाली. डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली, रक्त तपासलं, शक्तीचं औषध लिहून दिलं आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, “यांना जगायचंच नाही असं दिसतंय.”

डिसेंबरातल्या एका दुपारी मास्तर माझ्या शाळेत आले. याआधी ते कधी आले नव्हते. शेरवानीची वरची गुंडी लागलेली नव्हती, हे मला अजून आठवतं. मी त्यांना पिंपळाखालच्या पारावर बसवलं.

“मुकुंद,” ते म्हणाले. आजवर त्यांनी मला टाकसाळेशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. “तुला एक काम सांगायचंय.”

“सांगा ना.”

“बीची मोहर पुन्हा वाच. तिला सांग, त्या दिवशी सावली होती, भिंग नव्हतं, तुझी चूक झाली. सांग, कडेला कलमा आहे.”

मग मी जे बोललो ते लिहायलाही जड जातं. मी म्हणालो, “मास्तर, तुम्हीच सांगितलंय ना. दिसतं तेच वाचायचं.”

“हो. मीच सांगितलंय.”

“मग तुम्हीच का नाही सांगत त्यांना?”

“माझ्यावर तिचा भरोसा राहिला नाही आता. तुझ्यावर आहे. तू खरं वाचतोस.” ते पाराच्या दगडावर बोट फिरवत बसले. मग आपणहून सांगू लागले. “आम्हाला तीन मुलं झाली. दोन जन्मताच गेली. तिसरा चौदा दिवस होता. तो गेल्यावर ही चाळीस दिवस एक शब्द बोलली नाही. पाणी द्यावं लागायचं तोंडात चमच्यानं. कुणीतरी म्हणालं, कलम्याची मोहर घरात आण. मी औरंगाबादच्या सराफ्यात दिवसभर फिरलो. माझ्या लग्नाच्या शेरवानीला सोन्याच्या गुंड्या होत्या, त्या दिल्या, आणि तेवढ्यात एकच मोहर मिळत होती. मी दुकानातच वाचली. काय आहे ते मला तेव्हाच कळलं.”

“मग?”

“घरी आलो. हातावर ठेवली. हिनं विचारलं, यावर काय लिहिलंय? चाळीस दिवसांनी ती बोलली, मुकुंद. मी म्हणालो, कलमा. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई अडली. ही ती मोहर घेऊन धावत गेली. तिथून सगळं सुरू झालं.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. “तो नियम नाण्यांसाठी होता, बेटा.”

मी म्हणालो, “बघतो.”

बघतो म्हणालो आणि चार दिवस गेलो नाही. तत्त्व आडवं आलं असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. तत्त्व बित्त्व काही नव्हतं. मी नुकताच त्या मोहरेवर एक लेख लिहून पुण्याच्या एका नियतकालिकाला पाठवला होता, आयुष्यातला पहिला लेख. आणि आता गल्लीत म्हणायला लागले असते, टाकसाळ्याच्या पोराला वाचता येत नाही. एवढीशी गोष्ट होती. एका बाईच्या जिवासमोर मी ही गोष्ट चार दिवस तोलत बसलो.

पाचव्या दिवशी आईनंच मला झापलं. “बी अन्न सोडून आठ दिवस झाले. तुला आहे का काही? तुझ्या वेळी तिनं मला दोन रात्री मांडीवर घेतलं होतं.” मी शेठकडे जाऊन त्याचं मोठं विलायती भिंग मागून आणलं आणि तडक मास्तरांकडे गेलो. मास्तर लिंबाखाली उभे होते. मी भिंग दाखवलं. ते बाजूला सरकले. आत आले नाहीत.

बी खिडकीजवळच्या बाजेवर पडली होती. एवढीशी झाली होती. पांघरुणाखाली माणूस आहे की नुसती गोधडी, कळू नये.

“कोन, मुकुंदा?”

“हो, बी. एक काम होतं. मोहर बघायची होती पुन्हा.”

“तिचं काय बघायचं आता?”

“शेठकडे नवं भिंग आलंय. त्या दिवशी मी नुसत्या डोळ्यांनी वाचलं, घाई केली. मला शंका आहे, माझ्याकडून काहीतरी राहिलंय.”

तिनं मानेनंच कोनाड्याकडे खूण केली. मी पानदान काढलं. झाकणावर धूळ होती. पुरचुंडी सोडली, मोहर घेतली, खिडकीशी उभा राहिलो, भिंग लावलं. भिंगाखाली औरंगजेबाचं नाव एवढं मोठं दिसत होतं की आंधळ्यानंही वाचावं.

“काय दिसतंय?” बीनं विचारलं.

“कडेला आहे, बी,” मी म्हणालो. “अगदी कडेला, बारीक. त्या दिवशी दिसलंच नाही मला. गाढव मी.”

“वाच मंग.”

कलमा मी शंभर नाण्यांवर वाचला होता. तुघलकांच्या टंक्यांवर, दिल्लीच्या सुलतानांच्या, अकबराच्या, शहाजहानच्या मोहरांवर. डोळे मिटून लिहून दाखवला असता. मी बाजेपाशी येऊन खाली बसलो आणि वाचला. ला इलाहा इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह.

बीनं डोळे मिटले होते. ओठ हलले.

“पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचला. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं, जमलं. वाटलं, आता ही उठून बसेल, जेवायला मागेल, उद्यापासून गोदाबाई पुन्हा लिंबाखाली येईल.

मग तिनं हात काढून माझ्या गालावर ठेवला.

“त्या दिशी तू मोहरंकडं बघून वाचलंस, लेकरा,” ती हळू आवाजात म्हणाली. “आज माझ्याकडं बघून वाचायलास.”

मी मान खाली घातली. मला रडू फुटलं. बावीस वर्षांचा घोडा मी, तिच्या गोधडीत तोंड खुपसून रडलो. माफी मागायची होती, तीही नीट मागता आली नाही. ती नुसती डोक्यावरून हात फिरवत राहिली, बाळंतिणींच्या डोक्यावरून फिरवायची तसा.

“यांनी धाडलं नं तुला?” थोड्या वेळानं तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“भाईर उभे असतील. ऊन लागंल.” मग तिनं कोनाड्याकडे बघितलं. “तो कटोरा घे. पानी घाल. सोड मोहर त्याच्यात.”

मी तसं केलं. तिला उठवून बसवलं, पाठीशी हात दिला. तिनं कटोरा दोन्ही हातांत धरला. नेहमीसारखे डोळे मिटले, ओठांत काहीतरी म्हटलं, आणि घोट घोट करत सगळं पाणी पिऊन टाकलं. तळाशी मोहर वाजली.

“आता जा,” ती म्हणाली. “त्यांना सांग, बी पानी प्याली.”

बाहेर मास्तर लिंबाला हात लावून उभे होते. माझ्या डोळ्यांकडे बघून त्यांनी आधी नजर वळवली, मग परत माझ्याकडे आणली.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“मग? काय म्हणाली?”

“पाणी प्याल्या, मास्तर. सगळं प्याल्या.”

“तिला पटलं?”

खोटं अक्षर या माणसाला दहा हातांवरून ओळखू यायचं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, “हो. पटलं.”

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शाबास,” आणि आत बीकडे गेले. बी तिसऱ्या दिवशी गेली.